शेतकऱ्याला सांगायचे कसे, हे शिकवणार कोण?

पावसाळा सुरू झाला की वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांवर एक बातमी ठरलेली असते. ‘कृषीदूतांनी करून दाखवली बीजप्रक्रिया’, ‘कृषीकन्यांचे गावात स्वागत’, ‘माती परीक्षणाबाबत मार्गदर्शन’. सोबत छायाचित्र. मागे महाविद्यालयाच्या नावाचा फ्लेक्स, पुढे घमेल्यात बियाणे, मध्यभागी सरपंच, दोन्ही बाजूंना ओळीने उभे विद्यार्थी. शेतकरी असलाच तर कडेला, अर्धा कापलेला. बीएस्सी कृषीच्या सातव्या सत्रात जो ग्रामीण कृषी कार्यानुभव असतो, त्याचे हे दर्शनी रूप. चार वर्षांच्या पदवीत विद्यार्थी शेतकऱ्याच्या दारात सलग काही आठवडे असतो तो याच काळात. आणि या काळाचा हिशेब बहुतांशी प्रात्यक्षिके किती झाली, नोंदवही किती भरली, छायाचित्रे किती जोडली यावर होतो. समोरच्याने ऐकून पुढे काय केले, किंवा त्याने उलट काय सांगितले, याला त्या नोंदवहीत फारशी जागा नसते. दोष मुलांचा नाही. शेतीचे ज्ञान वरून खाली सोडायचे असते आणि सोडले की काम संपले, हीच त्यांना मिळालेली शिकवण आहे. कृषी विद्यापीठांत ‘विस्तार शिक्षण’ किंवा ‘कृषी विस्तार व संज्ञापन’ नावाचा जो विषय आहे, तो विद्यार्थ्यांमध्ये सोपा, गुण देणारा आणि पाठांतराचा म्हणून ओळखला जातो. माझे म्हणणे असे की आज महाराष्ट्रातली शेती जिथे जिथे अडते, तिथे बहुतेक वेळा हाच विषय कच्चा राहिलेला असतो. तो पक्का करायचा तर शेतकऱ्याला सांगण्याइतकेच शेतकऱ्याकडचे वर पोहोचवणेही शिकवावे लागेल.

सरकारी सल्ला शेतकऱ्यापर्यंत किती पोहोचतो, याचे एक जुने पण बोलके मोजमाप आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने २००३मध्ये देशभरातल्या शेतकरी कुटुंबांना विचारले होते, की आधुनिक तंत्राची माहिती तुम्हाला कुठून मिळते? साठ टक्के कुटुंबांना ती कुठूनच मिळत नव्हती. ज्यांना मिळत होती, त्यांच्यात पहिला क्रमांक होता दुसऱ्या प्रगतिशील शेतकऱ्याचा, सुमारे १७ टक्के. त्यानंतर खते-औषधांचे दुकानदार आणि रेडिओ, प्रत्येकी १३ टक्क्यांच्या आसपास. सरकारी विस्तार कर्मचाऱ्याचा वाटा सहा टक्क्यांच्याही खाली होता आणि कृषी विज्ञान केंद्रांचा एक टक्क्याच्याही खाली. दहा वर्षांनी, २०१३च्या फेरीत, कुठूनही सल्ला न मिळणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण जवळपास तेवढेच निघाले. मधल्या काळात मोबाइल आले होते, किसान कॉल सेंटर सुरू झाले होते, कृषी तंत्रज्ञान जिल्हा पातळीवर पोहोचवणारी ‘आत्मा’ यंत्रणा देशभर पसरली होती. साधने वाढली आणि आकडा हलला नाही, तेव्हा अडचण केवळ साधनांची असेल असे मानणे कठीण आहे.

नाशिकपुरते बोलायचे तर २०१०च्या द्राक्ष हंगामाइतके चांगले उदाहरण नाही. त्या वर्षी युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश सापडला. तिथली मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. माल नाकारला गेला, कंटेनर बंदरांवर अडकले, निर्यातदारांनी हात वर केले आणि बागायतदारांचे पैसे बुडाले. हे रसायन काही परग्रहावरून आले नव्हते. बागायतदार त्याला ‘सीसीसी’ म्हणतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटी जोमाने वाढू लागल्या की शेंडा थांबावा, काडी पक्की व्हावी आणि तिच्यात घड धरावा म्हणून ते वापरायची रीत होती. म्हणजे उन्हाळ्यात मारलेल्या औषधाचा जाब पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये रॉटरडॅमला द्यावा लागला. विशेष म्हणजे यंत्रणा झोपलेली नव्हती. आधीच्या अनुभवावरून निर्यातीच्या प्लॉटची नोंदणी सुरू झाली होती, ‘अपेडा’ या कृषी निर्यात प्राधिकरणाची ‘ग्रेपनेट’ प्रणाली चालू होती, माल जाण्यापूर्वी प्रयोगशाळेत औषधांच्या उरलेल्या अंशाची म्हणजे रेसिड्यूची तपासणी होत होती. फक्त तपासायच्या रसायनांच्या यादीत क्लोरमेक्वाट नव्हते.

यावर कोणी म्हणेल की ही तांत्रिक चूक झाली, यादी अपुरी होती, यात संज्ञापनाचा संबंध काय? संबंध असा, की दिंडोरी-निफाडच्या बागांत सीसीसी वापरले जाते ही गोष्ट गुपित नव्हती. ती प्रत्येक औषध दुकानदाराला, प्रत्येक बागायतदाराला आणि बागेत काम करणाऱ्या मजुरालाही ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती यादी करणाऱ्यांना, किंवा ठाऊक असली तरी यादीत उतरली नव्हती. शिवारात नेमके काय चालले आहे हे रीतसर टिपून प्रयोगशाळेपर्यंत नेणे, हे कोणाचेच नेमून दिलेले काम नव्हते. खाली माहिती देणाऱ्या पुस्तिका होत्या, मेळावे होते, चर्चासत्रे होती. वर जाणारा रस्ता नव्हता. पुढच्या हंगामांत तपासणीची यादी वाढली आणि निर्यात सावरली, पण ती शिकवणी बागायतदारांच्या खिशातून झाली.

नाशिकला पैसे गेले, यवतमाळला माणसे गेली. २०१७च्या खरिपात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन त्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले. विशेष तपास पथक नेमले गेले. मग हातमोजे, मास्क, चष्मे वाटले गेले, भिंतीपत्रके लागली. त्या वर्षी कापूस डोक्याच्या वर गेला होता, फवारा अंगावर आणि तोंडावर येत होता, दोन-तीन औषधे एकत्र कालवून मारली जात होती. औषधाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो आणि लाल म्हणजे सर्वांत जहाल, एवढे साधे चिन्हही पाठीवर पंप घेणाऱ्याला समजावून सांगितलेले असतेच असे नाही. कारण सल्ल्याच्या सभेला बोलावतात ते सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. पंप मारतो मजूर, आणि पाणी आणून औषध कालवते अनेकदा त्याची बायको. सभेत कोण बसलेले नाही, हा संज्ञापनशास्त्रातला पहिल्या धड्याचा प्रश्न आहे. आपल्या अभ्यासक्रमात त्याला पहिल्या धड्याचे वजन मिळालेले नाही.

मग वजन कशाला मिळते? व्याख्यांना, उद्दिष्टांना, पद्धतींच्या वर्गीकरणाला. एव्हरेट रॉजर्स या अमेरिकी अभ्यासकाने १९६२मध्ये नव्या गोष्टींच्या प्रसारावर पुस्तक लिहिले. त्यातले शेतकऱ्यांचे पाच गट आपल्याकडचा प्रत्येक कृषी पदवीधर घोकून येतो. सर्वांत आधी स्वीकारणारे अडीच टक्के, त्यांच्या मागचे साडेतेरा, मग चौतीस, पुन्हा चौतीस आणि अखेरचे सोळा टक्के पिछाडीवाले. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. पण या सगळ्या विचाराच्या मुळाशी जो अभ्यास आहे, रायन आणि ग्रॉस यांचा १९४३ सालचा आयोवातल्या संकरित मक्याचा, त्याचा निष्कर्ष टक्केवारीहून अधिक कामाचा आहे. नव्या बियाण्याची पहिली बातमी बहुतेकांना विक्रेत्याने दिली होती, पण पेरायचे की नाही हे ठरवताना भरवसा ठेवला गेला तो शेजाऱ्यावर. वर दिलेल्या आपल्या सर्वेक्षणाचे आकडे याच्याशी ताडून पाहावेत असे आहेत. शिवाय ‘पिछाडीवाला’ हे बिरूद शेतकऱ्यावर डकवले की सल्ला चुकीचा असू शकतो ही शक्यताच मिटते. नाशिक जिल्ह्याच्याच सुरगाण्यातला शेतकरी उतारावरच्या वरकस जमिनीत नागली-वरई टिकवून धरतो आणि दर वर्षी नवे बियाणे विकत घ्यायला तयार होत नाही. तो मागासलेला आहे म्हणून, की त्याचा हिशेब त्याच्या जमिनीपुरता बरोबर आहे म्हणून? विद्यार्थ्याने हे तिथे जाऊन शोधले पाहिजे. उत्तर आधी देऊन ठेवणारा तक्ता त्याच्या हातात दिला तर तो शोधणार नाही.

नाशिकच्या पंचवटीतून निघणारे दोन रस्ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. दिंडोरी रोडने गेले की द्राक्षांचा पट्टा. पेठ रोडने गेले की घाटरस्त्याने भात, नागली, वरई आणि आदिवासी पाडे. पहिल्या रस्त्यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे. तो म्हणजे, इथल्या बागायतदाराला बावीस वर्षांच्या पोराने काय शिकवायचे? बोर्डो मिश्रण करायचे तर मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवायचे, एकत्र ओतायचे, मग लोखंडी खिळा किंवा विळा बुडवून त्यावर तांबूस थर चढतो का ते पाहायचे, चढला तर चुना वाढवायचा. हे प्रात्यक्षिक कृषीदूत दर वर्षी करून दाखवतात आणि दिंडोरीचा शेतकरी ते झोपेतही करील. आक्षेप खरा आहे. हा शेतकरी एकरी फी मोजून खासगी सल्लागार ठेवतो, द्राक्ष बागायतदार संघाच्या चर्चासत्रांना जातो, मोहाडीच्या ‘सह्याद्री फार्म्स’सारखी शेतकऱ्यांची कंपनी उभी करतो. पण यातून सल्ल्याची गरज संपल्याचे दिसत नाही. सल्ल्याला किंमत आहे आणि ती मोजायला शेतकरी तयार आहे, हेच दिसते. आणि पेठ रोडवर एकरी फी मोजणारा नाही, म्हणून तिथे सल्लागारही नाही. सार्वजनिक सेवेची खरी गरज तिथे आहे, आणि तिथे कोकणा बोलणाऱ्या बाईशी तिच्या बोलीत बोलता येणे हे बोर्डोच्या खिळ्यापेक्षा अवघड कौशल्य आहे.

दुसरा आक्षेप दुकानदाराचा आणि मोबाइलचा. कृषी सेवा केंद्राचा दुकानदार गावागावांत आहे. त्याला शहाणे करावे म्हणून हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने २००३पासून ‘देसी’ नावाचा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम काढला आहे. तो आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी, स्थानिक भाषेत चालतो, आणि तो चांगलाही आहे. पण पानावरचा डाग पाहून ‘काही मारू नका, आपोआप जाईल’ असे सांगण्यात ज्याचे नुकसान आहे, त्याच्यावर एकट्यावर हे काम सोडता येत नाही. गंमत अशी, की शिवारातली खबर वर पोहोचवण्याचे काम कंपन्या आणि दुकानदारांच्या या साखळीत चोख होते. कोणत्या गावात कोणती कीड आली, कोणते औषध संपले, शेतकरी कशाला वैतागला आहे, हे कंपन्यांची माणसे रोज टिपून वर कळवतात. माल खपवायला जी माहिती लागते तीच माहिती संशोधनालाही लागते. फरक एवढाच की एका ठिकाणी ती गोळा करायला पगारी माणूस आहे. मोबाइलचे म्हणाल, तर राज्य सरकारने आता ‘महाविस्तार’ हे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे ॲप आणले आहे आणि ते मराठीत उत्तरे देते. स्वागतच आहे. पण यंत्र उत्तर देते ते कोणीतरी आधी लिहून ठेवलेल्या मजकुरातून. तो मजकूर इंग्रजी शिफारशींचे ओबडधोबड मराठीकरण असेल तर उत्तरही तसेच येईल. आणि ॲपला विचारले तेवढेच कळते. २०१० साली सीसीसीबद्दल प्रश्न विचारण्याचे बागायतदारांना कारणच नव्हते.

तिसरा आक्षेप रोकडा आहे. कृषी पदवी घेणारी मुले शेतकऱ्याकडे जायला नव्हे, तर स्पर्धा परीक्षा द्यायला पदवी घेतात. नोकरी लागलीच तर कृषी सहायकाची, ज्यांना अलीकडे ‘सहायक कृषी अधिकारी’ असे नाव मिळाले. त्यांचा दिवस पंचनामे, पीक कापणी प्रयोग, ‘महाडीबीटी’ पोर्टलवरचे अर्ज आणि अहवाल यांत जातो. मग संज्ञापन शिकून वापरणार कुठे? या म्हणण्यात तथ्य आहे, आणि विद्यापीठ एकट्याने ही अडचण दूर करू शकणार नाही. ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने आलेल्या ‘प्रशिक्षण आणि भेट’ योजनेवर पुष्कळ टीका झाली. एकच निरोप सगळीकडे वाजवला जातो ही टीका योग्यही होती. तरी तिच्यात एक गोष्ट होती. अमुक वारी अमुक गावात कर्मचारी येणार, हे ठरलेले असे. आज तो वार गेला आणि पोर्टल आले. पण नीट पाहिले तर कागदपत्रांचे हे कामही संज्ञापनाचेच आहे. पीक विम्यात २०२४पर्यंत नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागे. गारपिटीनंतरच्या गोंधळात हा नियम ज्याला वेळेवर कळला नाही, त्याचा दावा तिथेच अडे. योजना कागदावर असणे आणि योजना हक्काच्या माणसाला मिळणे यांच्यामधले अंतर कापणारा प्रशिक्षित माणूस हवा, यात कृषी खात्याचाही फायदा आहे.

आता पंचवटीचे पाहू. इथे अमृतधाम परिसरात के. के. वाघ शिक्षण संस्थेची, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाशी संलग्न असलेली कृषी महाविद्यालये आहेत. याच पंचवटीत दिंडोरी रोड आणि पेठ रोडला नाशिक कृषी उत्पन्न बाजार समितीचे आवार आहे. शेतकऱ्याला भेटायला गाव गाठावे लागते ही समजूत बाजार समितीच्या आवारात एक संध्याकाळ घालवली तर निघून जाईल. कोथिंबीर, मेथी, शेपू, कांदापात यांचा लिलाव शेकड्यावर होतो, म्हणजे शंभर जुड्यांचा भाव पुकारला जातो. एकाच ओळीत दोन गाड्या उभ्या असतात. एकीचा शेकडा चढ्या भावाने जातो, दुसरीचा मातीमोल. जुडी लहान-मोठी असते, पाने पिवळी असतात, चिखल धुतलेला नसतो, कधी गाडी उशिरा आलेली असते, कधी नुसती आवक जास्त असते. शेतकरी चिठ्ठी घेऊन परततो, पण भाव का पडला याचे कारण त्याला कोणी सांगत नाही. हे कारण महिनाभर रोज टिपून, मराठीत एका पानावर मांडून, त्याच आवारात लावणे हे सातव्या सत्राचे उत्तम काम होईल. टोमॅटोच्या क्रेटमागे नेमकी कशाची छाट झाली, कोणत्या गावातून कोणत्या रोगाचा माल येऊ लागला, पिकाच्या शेवटच्या दिवसांत शेतकरी कोणते औषध मारतात आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबतात, ही सारी माहिती इथे बोलण्यातून मिळते. ती संकलित होऊन विद्यापीठाच्या संशोधन केंद्राकडे गेली आणि केंद्राने तिला लेखी उत्तर देण्याचे बंधन घालून घेतले, तर विद्यार्थ्याला कळेल की आपण भरलेला कागद कोणीतरी वाचतो. सर्वच विद्यार्थ्यांनी बाजारात बसावे असे नव्हे. काहींनी पेठ-सुरगाण्याला जावे आणि तिथून उलट टपाली प्रश्न आणावेत. गुण मात्र प्रश्नांच्या दर्जावर आणि मिळालेल्या उत्तराचे पुढे काय झाले यावर द्यावेत, फ्लेक्सवर नव्हे.

हे मोजता येणार नाही, परीक्षकागणिक गुण बदलतील, अशी भीती प्राध्यापक बोलून दाखवतील. पण वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णाशी बोलून त्याचा इतिहास कसा घेतला यावर गुण देतातच. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाने कृषी पत्रकारितेचा स्वतंत्र विभाग १९०८ साली काढला आणि १९१४च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने विस्तारकार्य थेट कृषी विद्यापीठांशी जोडले. आपल्याकडे विस्ताराची माणसे कृषी खात्याकडे आणि विस्ताराचे शिक्षण विद्यापीठाकडे, अशी फाळणी आहे. ती रातोरात मिटणार नाही, म्हणूनच निदान विद्यार्थी तरी दोन्हीकडे वावरलेला असावा.

राहता राहिली भाषा. कृषी पदवीचे माध्यम इंग्रजी आहे. मृदाशास्त्र किंवा अनुवंशशास्त्र इंग्रजीत शिकवण्याचे समर्थन करता येईल, आंतरराष्ट्रीय शोधनिबंध वाचायचे असतात. पण मराठी शेतकऱ्याशी संवाद कसा साधावा, हे इंग्रजी प्रश्नपत्रिकेत इंग्रजी उत्तर लिहून सिद्ध करायचे, याचे समर्थन मला सापडत नाही. इंग्रजी सोडले तर मुलांचे देशभरातले दरवाजे बंद होतील, असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की इथे चार वर्षांतल्या दोन-तीन विषयांपुरतीच गोष्ट चालली आहे. आणि मराठीत शेतीशास्त्र नीट मांडता येत नाही ही सबब नाशिकमध्ये तर चालणारच नाही. १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने इथूनच माळीकाम, भाजीपाला, फळबागा यांचे अभ्यासक्रम मराठी पुस्तकांतून राज्यभर पोहोचवले. ज्यांचे नाव राहुरीच्या विद्यापीठाला दिले आहे त्या जोतीराव फुल्यांनी तर १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ शेतकऱ्याला समजेल अशा मराठीत लिहून सरकारपुढे ठेवला होता. खालचे वर पोहोचवण्याचा तो या महाराष्ट्रातला पहिला मोठा प्रयत्न म्हणता येईल. विस्तार शिक्षणाच्या विषयांची उत्तरे मराठीत लिहिण्याची मुभा आणि कार्यानुभवाच्या गुणांची नवी वाटणी, या दोन मागण्यांसाठी नवी इमारत लागत नाही की नवे पद लागत नाही. विद्यापीठाच्या विद्वत परिषदेचा ठराव आणि पुण्याच्या कृषी शिक्षण व संशोधन परिषदेची संमती लागते. पुढच्या जूनमध्ये सातव्या सत्राची मुले गावांकडे निघण्याआधी तेवढे व्हावे.